बालीहून लोम्बोकला जायचंय? स्पीडबोट, फेरी की विमान, ते असं ठरवा

बाली आणि लोम्बोक ही इंडोनेशियातली दोन बेटं नकाशावर अगदी शेजारी दिसतात. बालीच्या पूर्व किनाऱ्यावर स्वच्छ सकाळी उभं राहिलं की समोर लोम्बोकच्या रिंजानी ज्वालामुखीचा माथाही दिसतो. त्यामुळे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जावं तसं सहज जाऊन येऊ, असं आपल्याला वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या खेपेला नवऱ्याबरोबर स्पीडबोटीने गेले, येताना मोठ्या फेरीने आले. दुसऱ्या खेपेला आई-बाबा बरोबर होते. जाताना फेरी घेतली आणि येताना विमान. तिन्ही मार्ग पायाखालून गेल्यावर सांगते: तिकिटाचा दर बघून मार्ग निवडू नका. लोम्बोकमध्ये पहिल्या रात्री कुठे झोपणार आणि तिथे उजेडात पोचणार का, एवढं आधी पाहा. बहुतेक निर्णय तिथेच होतो.

१. पहिली रात्र कुठे, ते पक्कं करा

लोम्बोक आकाराने जवळजवळ बालीएवढंच आहे. फेरी, स्पीडबोट आणि विमान तुम्हाला तीन वेगवेगळ्या टोकांना उतरवतात. फेरी नैर्ऋत्येला लेम्बार बंदरात लागते, स्पीडबोट वायव्येला गिली बेटांवर आणि बांगसाल बंदराला, आणि विमानतळ आहे दक्षिणेकडे प्रायाजवळ. त्यामुळे मुक्कामाचं ठिकाण ठरलं की मार्गही जवळजवळ ठरतो.

- गिली त्रावांगान, गिली मेनो, गिली आयर: स्पीडबोट. ती थेट बेटावरच उतरवते. विमानाने गेलात तर विमानतळ ते बांगसाल दीड-दोन तास गाडी आणि त्यानंतर पुन्हा होडी.
- दक्षिणेचा कुता, मांडालिका, तिथले समुद्रकिनारे: विमान. विमानतळावरून अर्ध्या तासात हॉटेल. दिवसा पोचत असाल तर फेरीही चालेल, लेम्बारहून साधारण सव्वा तास.
- सेंगिगी किंवा माताराम शहर: तिन्ही चालतात. इथे मात्र वेळ आणि पैसे बघून ठरवा.
- रिंजानीची चढाई, म्हणजे सेनारू किंवा सेम्बालुन: सेनारूला जायचं तर बांगसालला उतरणारी स्पीडबोट सोयीची, कारण ते उत्तरेकडे आहे. नाहीतर विमान. ३,७२६ मीटर उंचीच्या या डोंगराच्या वाटा पावसामुळे साधारण जानेवारी ते मार्च बंद असतात, तेव्हा तारखा आधी तपासा.
- स्वतःची किंवा भाड्याची मोटरसायकल बरोबर न्यायची आहे: फेरी. दुसरा पर्याय नाही.

इथे नावांमुळे दोन घोळ होतात. पहिला, कुता बालीतही आहे आणि लोम्बोकमध्येही. हॉटेल शोधताना आणि गाडी ठरवताना 'कुता लोम्बोक' असं पूर्ण नाव घ्या. दुसरा, 'गिली' हे काही बेटाचं खास नाव नाही. लोम्बोकच्या सासाक भाषेत लहान बेटाला गिली म्हणतात आणि अशा गिली तिथे डझनांनी आहेत. गिली गेडे आणि गिली नांगू नैर्ऋत्येला, लेम्बारच्या बाजूला आहेत. बालीहून जाणाऱ्या बहुतेक स्पीडबोटी मात्र वायव्येच्या तीन गिलींना जातात. हॉटेल एकीकडे आणि बोट दुसरीकडे असं झालं तर अर्धा दिवस हातचा जातो.

२. महिना आणि समुद्र

हा टप्पा बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

मांडव्याला जाताना आपण मुंबई बंदराच्या आडोशातून जातो. लोम्बोकची सामुद्रधुनी तशी नाही. ती खोल आहे, आणि प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागरात जाण्याच्या ज्या मोजक्या वाटा आहेत त्यांतली ही एक. त्यामुळे वरून शांत दिसली तरी खाली ओढ जबरदस्त असते. दक्षिणेकडून महासागराची लाट आत येते, उत्तरेकडून प्रवाह येतो, आणि दोन्ही भिडतात तिथे बोट आपटत जाते. ही सामुद्रधुनी किती जुनी आणि खोल आहे याची एक खूण सांगते. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गअभ्यासक १८५६ मध्ये बालीहून लोम्बोकला गेला, तेव्हा बालीत न दिसलेले काकाकुवा त्याला लोम्बोकमध्ये दिसले. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा बाली आशियाच्या जमिनीला जोडली गेली, पण ही सामुद्रधुनी काही कोरडी पडली नाही. प्राणी-पक्ष्यांची सीमारेषा म्हणून आज जिला वॉलेस रेषा म्हणतात, तीच आपण फेरीत चहा पीत ओलांडतो.

आता आपल्या सुट्ट्यांच्या हिशेबाने सांगते. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत, समुद्र बराचसा समजूतदार असतो. दिवाळीच्या सुट्टीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही तसाच. जुलै-ऑगस्टमध्ये आकाश निरभ्र असतं आणि जाहिरातींत सगळं निळंशार दिसतं, पण आग्नेयेच्या वाऱ्याने लाटा मोठ्या असतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत पाऊस आणि पश्चिमेचा वारा. नाताळच्या सुट्टीत लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर मी तरी स्पीडबोट घेणार नाही.

इंडोनेशियाचं हवामान खातं, ज्याला तिथे बेएमकागे म्हणतात, लाटांच्या उंचीचे इशारे रोज देतं. लाटा वाढल्या की बंदर अधिकारी, तिकडच्या भाषेत 'शाहबंदर', लहान बोटी थांबवतो. हा शब्द आपल्याकडेही परका नाही, फारसीतून दोन्हीकडे पोचला आहे. शाहबंदरने बंदी घातली असताना 'माझी बोट जाते' म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्याकडे पाठ फिरवा.

महिन्याबरोबर एक दिवसही लक्षात ठेवायचा: न्येपी. हा बालीचा नववर्षाचा मौनदिन. त्या दिवशी चोवीस तास विमानतळ बंद, लोम्बोकची फेरी सुटते ते पडांगबाई बंदर बंद, रस्त्यावर पाऊल टाकायलाही मनाई. बालीचं हे पंचांग शकाचं आहे, आपल्या शालिवाहन शकाचंच भावंड. म्हणून न्येपी कधी नेमका गुढीपाडव्यालाच येतो. २०२३ मध्ये २२ मार्चला दोन्ही एकत्र होते, तसंच २०२६ मध्ये १९ मार्चला. पण अधिक महिन्याचा हिशेब वेगळा असल्याने काही वर्षी महिनाभराचाही फरक पडतो. तेव्हा पाडव्यावरून अंदाज बांधू नका, त्या वर्षाची तारीख पाहा. न्येपीच्या आदल्या दिवशीच गर्दी आणि रस्ते बंद सुरू होतात, म्हणून मागेपुढे एकेक दिवस मोकळा ठेवा.

रमजान ईदच्या आसपास लोक गावी जातात तेव्हा फेरीला तुडुंब गर्दी असते. मांडालिका सर्किटवर मोटोजीपीची मोटरसायकल शर्यत असते त्या आठवड्यात लोम्बोकची विमानं आणि हॉटेलं अव्वाच्या सव्वा महागतात.

३. तिन्ही पर्याय, जसे आहेत तसे

*स्पीडबोट.* पडांगबाई, सेरांगान, सानुर आणि आमेद इथून सुटतात. समुद्रात साधारण दीड ते अडीच तास. दर कंपनी आणि हंगामानुसार अडीच-तीन लाख रुपियापासून सात-आठ लाखांपर्यंत. घाबरू नका, एक लाख इंडोनेशियन रुपिया म्हणजे ढोबळमानाने आपले साडेपाचशे रुपये. गिलीला जायला हाच सरळ मार्ग आहे आणि समुद्र शांत असेल तर मजाही येते.

पण ही बोट लाटेवरून सरकत नाही, आपटते. कंबरेचं, मणक्याचं दुखणं असेल, गर्भारपण असेल, तर हा पर्याय सोडाच. आमेदला बोट किनाऱ्यालगत उभी राहते, गुडघाभर पाण्यातून चढावं लागतं. बोट वाटेत नुसा पेनिदा बेटावर थांबणार का, हे तिकीट घेण्याआधी विचारा, त्याने तासभर सहज वाढतो.

*मोठी फेरी.* पडांगबाई ते लेम्बार. गाड्या, ट्रक, माणसं, सगळं एकत्र घेऊन जाणारं जहाज. रात्रंदिवस चालते, साधारण तास-दीड तासाला एक सुटते. समुद्रात चार ते पाच तास, आणि लेम्बारला धक्का मोकळा नसेल तर बंदराबाहेर अर्धा-पाऊण तास ताटकळणं वेगळं. पायी प्रवाशाचं तिकीट साठ ते पंचाहत्तर हजार रुपियाच्या घरात, म्हणजे आपले सव्वातीनशे ते चारशेच्या आसपास रुपये.

मला हा प्रवास मनापासून आवडतो. जहाज हलतं, पण संथ झुलतं. आत खुर्च्या असतात, शिवाय चपला काढून आडवं होता येईल असे सतरंजीचे कट्टे. आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा सकाळी सहाची फेरी होती. कट्ट्यावर आमच्या शेजारी एक सासाक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. आईने डब्यातला पातळ पोह्यांचा चिवडा पुढे केला. आजींनी चिमूटभर घेऊन चाखला, मग ओंजळ पुढे केली, आणि त्यांच्या पिशवीतून केळीच्या पानात बांधलेला चिकट भात आईच्या हातावर ठेवला. एक शब्द दोघींना एकमेकींचा कळत नव्हता. नातू चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होता. रिंजानी समोर वर येत होता आणि बाबा कठड्याला धरून उभे होते. पाच तास कसे गेले कळलं नाही.

फेरीची कमजोरी समुद्रात नाही, तिच्या दोन्ही टोकांना आहे. बालीत पडांगबाईपर्यंत पोचायचं, उबुदहून तासाभरावर आणि विमानतळाकडून दीड-दोन तासांवर. पलीकडे लेम्बारहून पुढे जायचं, आणि तिथे अंधार पडल्यावर सार्वजनिक वाहन जवळजवळ नसतंच. म्हणून सकाळची फेरी घ्या.

*विमान.* हवेत अर्धा ते पाऊण तास. बालीतल्या डेनपसारहून रोज उड्डाणं आहेत, बरीचशी पंख्यांच्या लहान एटीआर विमानांची. विमानतळावर लवकर पोचणं, सामान, पलीकडची गाडी धरून बालीतल्या खोलीपासून लोम्बोकच्या हॉटेलपर्यंत चार तास लागतातच, पण समुद्र कसाही असो, अंग आंबत नाही. लहान विमानात सामानाची मर्यादा कमी असते, केबिनमधला कप्पाही छोटा. भारतातून आणलेली मोठी बॅग तिथे जादा वजनात जाते. तिकीट काढतानाच वजन वाचा, काउंटरवर पैसे भरणं महाग पडतं.

आणि बालीत थांबायचंच नसेल तर बालीमार्गे जायची गरज नाही. क्वालालंपूर आणि सिंगापूरहून लोम्बोकला थेट विमानं आहेत.

माझं मत विचाराल तर: दोघंच असाल आणि गिलीला जायचं असेल तर शांत महिन्यात स्पीडबोट. ज्येष्ठ बरोबर असतील आणि दिवस हाताशी असेल तर सकाळची फेरी. दक्षिणेकडे जायचं असेल किंवा समुद्र खवळलेला असेल तर विमान, दुसरा विचार नको.

४. तिकीट काढताना

पहिल्या खेपेला आम्ही उबुदमध्ये रस्त्यावरच्या एका एजंटकडून स्पीडबोटीचं तिकीट घेतलं. चिठ्ठीवर हाताने लिहिलं होतं: हॉटेलवरून गाडी, बोट थेट बांगसालला. सात वाजता येणारी गाडी सव्वानऊला आली. पडांगबाईला आमच्या छातीवर दुसऱ्याच बोटीचा रंगीत स्टिकर लावला. ती बोट दुपारी सुटली, वाटेत दोन ठिकाणी थांबली आणि पाच वाजून गेल्यावर गिली त्रावांगानला लागली. तिथे सांगितलं, ही बोट पुढे जात नाही. तोवर सार्वजनिक होड्या बंद झालेल्या. अंधारात वेगळी होडी ठरवून बांगसाल गाठलं, तिचे पैसे मूळ तिकिटापेक्षा जास्त झाले. चिठ्ठीवर बोटीचं नाव नव्हतं, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी?

तेव्हापासून तिकीट घेताना एवढं लेखी असल्याशिवाय पैसे देत नाही:

- बोटीच्या कंपनीचं नाव, कुठल्या बंदरातून आणि किती वाजता सुटणार
- शेवटचा थांबा कोणता. 'लोम्बोक' एवढं पुरेसं नाही, बांगसाल की सेंगिगी ते हवं
- वाटेतले थांबे
- हवामानामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत की दुसऱ्या दिवशीची बोट
- हॉटेलवरून नेणारी गाडी एकट्याची की वाटेत सगळ्यांना गोळा करणारी

'परतीचं खुलं तिकीट', म्हणजे तारीख न ठरवलेलं, स्वस्त म्हणून गळ्यात मारतात. घेऊ नका. गर्दीच्या दिवशी खुल्या तिकिटाला जागा मिळत नाही, आणि मग तुम्ही त्याच कंपनीला बांधलेले राहता.

फेरीचं तिकीट बंदरावर फक्त अधिकृत खिडकीवर घ्या, तिथे तिला 'लोकेत' म्हणतात. सरकारी फेरी कंपनी एएसडीपीचं 'फेरिझी' नावाचं अॅपही आहे, निघण्याआधी त्यात हा मार्ग आणि वेळ पाहून ठेवा. खिडकीवर पोचायच्या आधीच कोणी बॅग उचलून 'तिकीट मी देतो' म्हणाला तर बॅग हातातून सोडू नका.

तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तसंच आणि बरोबरच्या प्रत्येकाचं, लहान मुलांचंही, लिहून घ्या. हा निव्वळ सोपस्कार नाही. २ जुलै २०२५ च्या रात्री जावाहून बालीला येणारी, केतापांग-गिलिमानुक मार्गावरची एक फेरी बुडाली. तेव्हा काही जणांची नावं प्रवासी यादीत नसल्याने जहाजावर नेमके कोण होते यावरच गोंधळ झाला. यादीत नाव नसेल तर शोधणाऱ्यांना तुम्ही जहाजावर होतात हेच कळत नाही.

५. कागदपत्रं आणि पिशवीत काय हवं

बेट बदललं तरी देश एकच, त्यामुळे वेगळा व्हिसा नाही आणि शिक्काही नाही. वेळही तीच, भारतापेक्षा अडीच तास पुढे. (जावाला गेलात तर घड्याळ एक तास मागे, गिलिमानुकची फेरी धरताना हे विसरू नका.)

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला, आणि फोनमध्ये त्याचा फोटो
- आगमन व्हिसा. भारतीयांना मिळतो, ३० दिवसांचा, शुल्क पाच लाख रुपिया. ऑनलाइन काढायचा तर फक्त इमिग्रेशन खात्याच्या सरकारी संकेतस्थळावर. तशाच दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर दुप्पट पैसे जातात
- बालीच्या पर्यटक शुल्काची पावती. १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना दीड लाख रुपिया भरावे लागतात. लोम्बोकहून परत बालीत याल तेव्हाही क्यूआर कोड हाताशी असू द्या
- प्रवास विमा. त्यात समुद्रप्रवास आणि दुचाकी धरली आहे का, ते वाचा
- दुचाकी नेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना, त्यात मोटरसायकलचा उल्लेख हवा. गाडीची नोंदणीची कागदं, ज्याला तिथे 'एसटेएनका' म्हणतात, आणि मालकाचं लेखी परवानगीपत्र. बालीतले बरेच मालक गाडी लोम्बोकला नेऊ देत नाहीत, आधी विचारा
- रोख रुपिया. आपलं यूपीआय गृहीत धरू नका, बंदरावरचं एटीएम बंद असतं असंच समजून चला. पन्नास हजारांच्या आणि त्याखालच्या नोटा बऱ्या. शून्यं मोजूनच नोट द्या, दहा हजार आणि एक लाख घाईत सहज अदलाबदल होतात

उलटीचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी अर्धा-एक तास गोळी घ्या. तिथल्या औषधाच्या दुकानात 'आंतिमो' मागितलं की लगेच देतात. ती घेतल्यावर झोप येते, तेव्हा पलीकडे उतरून लगेच दुचाकी चालवायची असेल तर नको. इतर औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. आमची आई गोळीऐवजी आलेपाक आणि मीठ लावलेलं लिंबू घेऊन बसते. फेरीत तेवढ्यावर तिचं भागलं.

शाकाहारी असाल तर डबा घ्याच. फेरीवर विक्रेते कागदात बांधलेला भात विकतात, 'नासी बुंगकुस', पण त्यात मासा किंवा कोंबडी असतेच असते. गरम पाणी घालून मिळणाऱ्या कपातल्या शेवयांचा मसालाही बहुधा कोंबडीचा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, केळी, यांवर पाच तास छान निघतात.

बॅगेत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. स्पीडबोटीत सामान मागे किंवा टपावर टाकतात आणि ते भिजतं. पासपोर्ट, औषधं, फोन आणि पैसे अंगावर.

६. बोटीत चढताना

पडांगबाईला स्पीडबोटीचा धक्का आणि फेरीचं बंदर वेगवेगळं आहे, चालत थोड्याच अंतरावर. गाडीवाल्याला सांगताना 'कापाल चेपात' म्हणजे स्पीडबोट, 'फेरी' म्हणजे फेरी.

स्पीडबोट शक्यतो दिवसाची पहिली घ्या. सकाळी वारा कमी असतो, आणि काही अडलं तरी पुढे उजेड शिल्लक राहतो. मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर बसा, तिथे आपटणं सगळ्यात कमी. टपावर बसून फोटो छान येतात, पण मी तिथे बसत नाही आणि तुम्हीही बसू नका. बसल्या बसल्या तीन गोष्टी पाहा: लाइफ जॅकेट कुठे आहे, ते अंगात येतं का, आणि बाहेर पडायची दारं कोणती. मुलांच्या मापाचं हवं असेल तर बोट सुटण्याआधी मागा: 'पेलाम्पुंग आनाक'. माणसं पायऱ्यांवर बसवलेली दिसली, पेट्रोलचा उग्र वास आला, तर उतरा. पैसे गेले तर जाऊ देत. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये पडांगबाईहून गिलीला निघालेल्या स्पीडबोटीत स्फोट होऊन पर्यटक दगावले होते.

फेरीत गाडी घेऊन चढलात तर ती लावून लगेच वर या. गाड्यांच्या मजल्यावर बसून राहू नका, झोपू तर मुळीच नका.

७. पलीकडे उतरल्यावर

गिली बेटांवर मोटारगाड्या नाहीत. सायकल, पाय आणि 'चिदोमो' नावाचा टांगा. भर उन्हात त्या घोड्यांची दमछाक बघवत नाही. बॅग पाठीवर येण्यासारखी असेल तर चालतच जा, बहुतेक हॉटेलं पंधरा-वीस मिनिटांच्या आत असतात.

बांगसालला मात्र सावध राहा. गाड्यांना धक्क्यापर्यंत जाता येत नाही, शेवटचं काही शे मीटर चालावं लागतं, आणि त्या वाटेवर 'सार्वजनिक होडी बंद झाली', 'ही शेवटची बोट', 'बेटावर मच्छर अगरबत्ती मिळत नाही, इथेच घ्या' असं सांगणारे भेटतात. थांबू नका. सरळ धक्क्याजवळच्या बोटवाल्यांच्या सहकारी संस्थेच्या खिडकीवर जा. तिथे दर लिहिलेला असतो, तिन्ही गिलींना साधारण वीस-पंचवीस हजार रुपियाच्या आसपास. होडी माणसं भरली की सुटते. सकाळी पटापट सुटतात, दुपारनंतर वाट पाहावी लागते, पाचच्या सुमारास बंद होतात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी सगळंच थोडं थंडावतं.

लेम्बारला उतरल्यावर गाडीवाल्यांचा गराडा पडतो. हॉटेलला आदल्या दिवशी सांगून गाडी मागवलेली असेल तर हा त्रासच नाही, मी आता नेहमी तसंच करते. नसेल तर बंदराच्या फाटकाबाहेर येऊन, दर ठरवून, मगच सामान ठेवा. दर माणशी की गाडीचा, हे बोटांनी दाखवून पक्कं करा. 'सेमुआ' म्हणजे सगळ्यांचे मिळून.

विमानतळावरून सरकारी 'डामरी' बस माताराम आणि सेंगिगीला जाते, स्वस्त आणि नेटकी. कुताकडे जायला टॅक्सी.

८. परतीचं गणित

भारतात परतायचं विमान बालीहून असेल तर त्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत बालीत या. बोटीने येणार असाल तर हे अजिबात मोडू नका. लाटांमुळे बोटी बंद झाल्या की दोन-दोन दिवस बंद राहू शकतात, आणि हुकलेलं आंतरराष्ट्रीय विमान कोणी भरून देत नाही. बोट बंद झालीच तर रडत बसू नका, तासाभरात निर्णय घ्या: आधी पाहा मोठी फेरी चालू आहे का, कारण स्पीडबोटी थांबल्या तरी ती बऱ्याचदा चालते. तीही बंद असेल तर विमानाचं तिकीट बघा. गिलीवर अडकलेले सगळेच तेच करणार असतात, म्हणून आधी तिकीट, मग बाकीचे फोन. तिथून लेम्बारला किंवा विमानतळावर जायचं तरी बांगसालची होडी लागते, तेव्हा ती चालू आहे का ते तिथल्या लोकांकडून कळलं की लगेच निघा.

लोम्बोकहून विमानाने येऊन बालीत लगेच पुढचं विमान धरायचं असेल आणि तिकिटं वेगवेगळी असतील, तर मध्ये किमान चार तास ठेवा. सामान घेऊन देशांतर्गत टर्मिनलमधून बाहेर पडायचं, आंतरराष्ट्रीय टर्मिनलपर्यंत चालायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं असतं. आम्ही आई-बाबांना घेऊन आलो तेव्हा मध्ये पूर्ण रात्र ठेवली होती. विमानतळाजवळच साधी खोली घेतली, रात्री गरम भात आणि तळलेलं तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) खाऊन झोपलो, आणि सकाळी चालत टर्मिनल गाठलं.